घाटात वीज, कानात कळ

किस्से साचतात कसे, माहीत आहे? कानात मळ साचतो तसे. रोज थोडा थोडा, कळतसुद्धा नाही. मग एक दिवस कुणी तरी विचारतं, "अगं, ऐकू येतंय ना?" आणि सगळं एकदम बाहेर पडायला लागतं! आम्ही टेलिफोनमधल्या बायका. आमची उपमा कानाच्या पलीकडे जायची नाही.

आता आम्ही सगळ्या पेन्शनीत. पण एप्रिल संपत आला, दुपारी हवा तुंबली, पूर्वेकडे काळं दिसायला लागलं, की आमच्यातल्या प्रत्येकीचा हात अजून आपोआप कानाकडे जातो. नातवंडं हसतात. "आजी, ढग अजून ठाण्यालासुद्धा पोचले नाहीत!" हसा बाबांनो. तुमचे कान शाबूत आहेत.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मी मंदा कोठारे, ठाकूरद्वारची, आमच्या प्रभू ज्ञातीच्या घरातली नोकरीला बाहेर पडलेली पहिली मुलगी. ट्रंक एक्स्चेंजला लागले. बाहेरगावचा फोन तेव्हा आपोआप लागत नसे. तुम्ही तो बुक करायचा, मग आमच्यासारखी एक मुलगी मोठ्या बोर्डापुढे बसून एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसायची आणि माणसाला माणूस जोडायची. एका कानावर पट्टीनं आवळलेला रिसीव्हर, छातीवर बोलायचा भोंगा. ह्याला म्हणायचं हेडसेट.

आणि तारा? उघड्या! खांबांवरून घाट चढून पुण्याला जायच्या. मे महिन्यात दुपारी घाटात ढग जमायचे. तिथे वीज कडाडली की तारेतून तिचा दणका थेट आमच्या कानात. मुंबईत लख्ख ऊन, खाली रस्त्यावर लोक बर्फाचा गोळा खातायत, आणि इथे आमच्या डोक्यात सुरुंग!

मग हेडसेट काढायचा की नाही? नाही! परवानगी नव्हती. का नव्हती, ते साहेबांचं नाव आलं की कळेलच.

*

माझ्या कानात पहिली वीज पडली ती नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात. मूळजी जेठा मार्केटातला कुणी कापडवाला पुणे मागत होता. मी दोरी लावली, आणि काडकन् आवाज! मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आई गं!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बेन, आई नको. पुणे जोईए!"

दुसऱ्या दिवशी मेमो. 'ग्राहकाशी खासगी स्वरूपाचं संभाषण केल्याबद्दल.' खासगी! माझा कान संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजवत होता, आणि ह्यांना त्यात खासगी दिसलं!

घरी बाबांना सांगितलं. बाबा हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर ऑफिसात बसल्या बसल्या इलाज असतो. म्हणाले, "कानात कापूस घाल."

घातला. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी एका गृहस्थांनी सांगली मागितली आणि मी सांगोला दिलं. गृहस्थ दहा मिनिटं तावातावानं मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होते. सांगोल्याचा माणूसही बोलत होता! शेवटी मला संशय आला म्हणून मध्ये विचारलं, "आपण बरोबर माणसाशी बोलताय ना?"

मुंबईचे गृहस्थ म्हणाले, "माणूस कोण ते माहीत नाही, पण स्थळ चांगलं वाटतंय. तुम्ही मध्ये बोलू नका!"

*

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शालिनी परब बसायची. लालबागची. वडील गिरणीत, घरी मालवणी, ऑफिसात शुद्ध मराठी आणि संताप आला की पुन्हा मालवणी. तिचा कान म्हणजे देवाची देणगी होती. तारेतल्या खरखरीवरून ती वादळ कुठे आहे ते सांगायची. पापड तळल्यासारखा आवाज आला की घाटापलीकडे. टिकटिक सुरू झाली की घाटमाथ्यावर. तिनं डोळे मिटून "खंडाळ्याक इली गो!" म्हटलं की तासा-दीड तासात परळ-लालबागवर आभाळ फाटणार म्हणजे फाटणार.

चहाच्या सुट्टीत ती खालच्या पब्लिक फोनवरून आपल्या चाळीखालच्या वाण्याला फोन करायची. "काका, वर ओरडून सांगा. वाळवणं काढा!" बायका धावत गच्चीवर. पहिल्यांदा शेजारच्या चाळीतले हसले. उन्हात कुरडया गोळा करतायत म्हणून शिट्ट्या मारल्या. तासाभरानं गारा पडल्या! तिसऱ्या वादळापासून शेजारची चाळसुद्धा वाण्याकडे कान लावून बसायला लागली.

एकदा लालबागला समितीची सभा होती. ही गर्दी! वक्ते रंगात आलेले. मूठ वर करून गरजले, "बंधूंनो, वादळ येणार आहे!"

निम्मी सभा उठून उभी राहिली. मागून एक बाई ओरडली, "परबांच्या शालूनं सांगितलं काय?"

*

आता साहेब. खांबेटे साहेब. पुण्याचे, चष्मा सोनेरी काड्यांचा, टायची गाठ सुपारीएवढी. त्यांचं एकच म्हणणं. "मुलींना काम नको असतं, म्हणून वीज लागते."

आम्ही पहिला अर्ज केला की वादळात अर्धा तास हेडसेट काढू द्या. साहेब अर्ज हातात घेऊन बोर्डाशी आले. "कुठे आहे तुमची वीज? दाखवा मला!"

शालिनी उठली. खुर्ची पुसून दिली. "बसा ना सर."

बसले. हेडसेट चढवला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. आमच्याकडे बघून हसले. "फोडणीचा आवाज येतोय फक्त. घरी स्वयंपाक करता तेव्हा घाबरता का?"

शालिनी माझ्या कानाशी म्हणाली, "थांब. टिकटिक सुरू होऊ दे."

मग वीज काय पडली! साहेब खुर्चीसकट मागे. चष्मा एकीकडे, टाय दुसरीकडे. आम्ही हसलो नाही हो. ओठ चावून रक्त काढलं, पण हसलो नाही. आम्हाला वाटलं, सुटलो! आता ह्या माणसाला कळलं. आता ह्याला नाही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खरंच नोटीस लागली. टाइप केलेली, सहीशिक्क्यासकट. आम्ही धावत वाचायला गेलो.

'वादळी हवामानात अधिकाऱ्यांनी हेडसेट वापरू नये.'

अधिकाऱ्यांनी! मेल्यानं आमच्यासाठी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

*

एक गोष्ट मात्र अशी की त्या संतापातसुद्धा पोट धरून हसलो.

वादळ ओसरलं की तार धड आहे का, ते तपासायचं. नियम असा की आम्ही इकडून इंग्रजीत वन-टू-थ्री-फोर म्हणायचं, पुण्याच्या मुलीनं तिकडून फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट. पुण्याला सुमन नावाची मुलगी असायची. तिचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही, पण तिला सर्दी झालेली आम्हाला तिच्या आईच्या आधी कळायची.

एका संध्याकाळी खरखर थांबेना. शालिनी वन-टू करून घसा बसेपर्यंत ओरडली. उत्तर नाही. शेवटी वैतागून तिनं भोंग्यात ठणकावलं, "संयुक्त!"

पुण्याहून खणखणीत आलं, "महाराष्ट्र!"

"झालाच!"

"पाहिजे!"

तार धड! त्या दिवसापासून हीच तपासणी. नाशिकनं उचलली, कोल्हापूरनं उचलली. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले ते शालिनीला दिसलं नाही. सरकारी नोकरीत घोषणा म्हणजे केवढा गुन्हा! लाल होऊन म्हणाले, "हे काय चाललंय? नोकरी घालवायची आहे का? आकडे का म्हणत नाही?"

शालिनी उभी राहिली. अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, आकडे गडगडाटात पोचत नाहीत. हे पोचतं."

*

हा पुढचा किस्सा सांगताना मी हसणार नाही. तुम्हीही हसू नका.

मे महिना, दुपार. सावंतवाडीजवळच्या एका गावाचा कॉल बुक झाला होता. मुंबईकडून बोलणारे दोन भाऊ, परळचे, गिरणीकामगार. धाकटा मोर्च्यात पकडला गेला होता आणि त्याच सकाळी तुरुंगातून सुटला होता. पण गावात कुणी तरी आवई उठवली होती की पोरगा गोळीत गेला. म्हातारी आई दोन दिवस जेवली नव्हती. गावच्या पोस्टमास्तरांनी तिला आणून पोस्टात बसवलं होतं.

कॉल कोल्हापूरवरून जोडायचा. वाटेत सगळीकडे वादळ. दोन तास प्रयत्न चालले होते. शालिनीनं टिकटिक ऐकली. मी ऐकली. मी म्हटलं, "शालू, काढ हेडसेट. मेमो आला तर येऊ दे."

"म्हातारी बसलीय गो थय," ती म्हणाली. थय म्हणजे तिथे.

लाइन लागली. भावांना काही ऐकू येईना, म्हातारीला काही कळेना. नुसती खरखर. मग शालिनी स्वतःच मध्ये पडली. रिसीव्हर हातानं कानावर दाबून धरला, जास्त ऐकू यावं म्हणून. आणि तेव्हाच वीज पडली.

तिचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. मी किंचाळले. तिनं माझा हात झटकला, रिसीव्हर उलटा करून दुसऱ्या कानावर चढवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आये! तुझो झील जित्तो आसा! मुंबयत उभो आसा, सुटलो! जेव तू आता, जेव!"

तिकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. शालिनी ऐकत होती आणि रडत होती. मग दोरी काढली, कॉलच्या चिठ्ठीवर वेळ टाकली आणि मला म्हणाली, "मंदा, ह्या कानान काय्येक आयकाक येना."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सरकारी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घरी कुणी कानाखाली मारली का?"

रिपोर्ट आला. 'कान मुळात नाजूक असावा.' साहेबांनी त्याच्यावर आपला शेरा मारला, 'सदर इमारतीवर वीज पडल्याची नोंद नसल्यामुळे हा कामावरील अपघात मानता येत नाही.' नोंद नसल्यामुळे! तिच्या ब्लाउजच्या गळ्यावर नोंद होती. साबणानं तीन वेळा धुऊनसुद्धा गेली नव्हती.

तिला बोर्डावरून उठवलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर चिठ्ठ्या लावायला बसवलं. घाटापलीकडचं वादळ ऐकणारी पोरगी! चिठ्ठ्या लावायला!

*

आमच्या सुपरवायझर मिसेस डिमेलो. गिरगावातल्याच, खोताच्या वाडीच्या बाजूच्या. फ्रॉक, उंच टाचांचे बूट आणि कडक शिस्त. बाई भारी गर्विष्ठ, असं आमचं मत. डाव्या बाजूनं हाक मारली तर ढुंकून बघायच्या नाहीत. मग आम्ही त्या बाजूला उभं राहून त्यांना खुशाल नावं ठेवायचो. 'म्हातारी घुबड', 'बुटांचा आवाज' आणि काय काय.

शालिनी चिठ्ठ्यांच्या टेबलावर आली त्या दिवशी मिसेस डिमेलो तिच्यापुढे येऊन बसल्या. हळूच विचारलं, "कोनचा कान?"

"उजवा."

"माजा डावा," बाई म्हणाल्या. "लढाईच्या वर्सात गेला. कोनाला बोलले नाय. बोलले असते तं नोकरीवरून काडली असती."

वर्षानुवर्षं! अर्ध्या कानावर अख्खा हॉल चालवत होत्या! मी म्हटलं, "मॅडम, सॉरी. आम्ही त्या बाजूनं..."

"मना समदं ठावं हाय," मिसेस डिमेलो म्हणाल्या. "ओठ दिसतात, पोरी. घुबड कोन बोलली, ते बी ठावं हाय."

*

आणि आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय आमची बैठक उठत नाही.

शालिनीच्या कानानंतर मिसेस डिमेलोंनी स्वतः पहिली सही करून आमचा अर्ज वर पाठवला. साहेबांना डावलून, सरळ वर. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वरून हुकूम आला. मुलींच्या सुरक्षेसाठी हॉलमध्ये लाल दिवा बसवावा. वादळाचा धोका असेल तेव्हा दिवा लागेल. दिवा लागला की हेडसेट काढायची परवानगी.

आम्ही पेढे वाटले! दिवा आला. भिंतीवर उंच, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, टोमॅटोसारखा लाल. त्याचं बटण मात्र साहेबांच्या केबिनमध्ये. दिवा लावायचा की नाही, ते साहेब ठरवणार. आणि साहेब साडेपाचला केबिनला कुलूप घालून दादरला घरी जाणार. घाटातलं वादळ येणार सहाला! आम्ही बटण बाहेर बसवा म्हटलं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही रोज दिवाळी कराल."

मेच्या मध्यावर एक दिवस सकाळपासून जीव घुसमटत होता. पाच वाजता टिकटिक सुरू झाली. साहेब साडेपाचला छत्री घेऊन निघाले. मिसेस डिमेलो दारापर्यंत त्यांच्यामागे गेल्या. "सर, दिवा लावून जावा."

"आभाळ स्वच्छ आहे, मिसेस डिमेलो."

"सर, चावी तरी ठेवा."

गेले.

सहाला पहिली कडाडली. चौथ्या खुर्चीवरची नवीन मुलगी कान धरून खाली बसली. एकोणीस वर्षांची पोर. मला शालिनीची मान दिसली, ती धार दिसली. ठाकूरद्वारच्या कोठाऱ्यांच्या घरात मोठ्यानं बोलायचीसुद्धा पद्धत नव्हती हो. मी उठले, माझा जेवणाचा पितळेचा डबा उचलला आणि साहेबांच्या केबिनची काच फोडली! आत हात घालून आतल्या बाजूनं लॅच उघडलं. बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

परत दाबलं. वर-खाली, वर-खाली. काही नाही. शालिनी कोपऱ्यातल्या टेबलावरून उठली. स्टूल ओढलं, वर चढली, पेन्सिल छिलायच्या चाकूनं लाकडी ठोकळ्याचे स्क्रू काढले. ठोकळा दिव्यासकट तिच्या हातात आला. मागे कोरी भिंत. चुना लावलेली, गुळगुळीत. वायर नव्हती. भोकसुद्धा नव्हतं.

बोर्डावरचे दिवे लुकलुकत होते, लोक पुणे मागत होते, नाशिक मागत होते. मिसेस डिमेलो भिंतीकडे बघत होत्या. मग वळल्या.

"काडा पोरीनो. समद्या."

चोवीस हेडसेट एकदम खाली आले. बाहेर गडगडाट, आत बोर्डावर एकेक करत सगळे दिवे पेटलेले, आणि आम्ही मांडीवर हात ठेवून बसलेल्या.

पाच मिनिटांत सुपरवायझरच्या टेबलावरचा फोन वाजला. दादरहून खांबेटे साहेब. इतके तापले होते की रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू येत होतं. "ट्रंक उत्तर का देत नाही? मला वरून फोन आला! कुणाच्या परवानगीनं हेडसेट काढले?"

शालिनी स्टुलावर तशीच उभी होती, दिवा हातात धरून. मिसेस डिमेलोंनी तिच्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाल्या, "लाल दिवा लागला हाय, सर."

"खोटं बोलू नका! तो दिवा लागूच शकत नाही!"

मिसेस डिमेलोंनी रिसीव्हर कानापासून काढला, आमच्या सगळ्यांच्या दिशेनं धरला आणि मोठ्यानं विचारलं,

"का नाय लागनार, सर?"